अल्बीना कुचेराचं लायसन्स

अल्बीनाइतकी भित्री बाई नेब्रास्कातल्या आमच्या लीपा या चेक लोकांच्या गावात दुसरी नव्हती, आणि हे मी तिच्या तोंडावर म्हटलेलं आहे. ती ढगांच्या गडगडाटाला भ्यायची, कुंपणातल्या हंसांना भ्यायची, दारावर अनोळखी थाप पडली की पांढरीफटक व्हायची. शाळेत बाईंनी फळ्याकडे बोलावलं की हिला रडू फुटे आणि हिच्या वतीने उत्तर द्यायला मी उठायचे. पण एक सांगते, तिच्या हातांना भीती ठाऊक नव्हती. नांगराखाली सापडून वाकडा झालेला हायनेक झेलेंका दाराच्या फळीवर घालून आणला होता. माणूस किंचाळत होता आणि अल्बीनाचे ओठ थरथरत होते, पण हात मात्र भाकरीचं पीठ मळावं तसे शांतपणे चालले होते. हायनेक चालत घरी गेला आणि दाराची फळी तिच्याच अंगणात विसरला.

मी, ब्लाझेना, तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजवर होते. गावातल्या चाळीस घरांच्या तारा माझ्या समोरच्या फळीवर येत, त्यामुळे मला न कळता गावात कुणी शिंकतही नसे. लोक मला भोचक म्हणत. म्हणोत बापडे, आग लागली की सगळ्यात आधी या भोचकबाईलाच हाक मारत.

अल्बीना मणके बसवणारी होती, म्हणजे कायरोप्रॅक्टर. आयोवात डॅव्हनपोर्टच्या कॉलेजात अठरा महिने शिकून आली होती. तिथे म्हणे कागदाखाली माणसाचा केस ठेवायचा आणि डोळे मिटून तो बोटाने शोधायचा. सापडला की वर आणखी एक कागद ठेवायचा. "थापा मारू नकोस," मी म्हटलं. आमच्या गावची डिरेक्टरी चार पानांची, म्हणून मी ओमाहाची जाडजूड डिरेक्टरी काढली, स्वतःचा एक केस उपटला आणि एकेक पान वर टाकत गेले. एकतिसाव्या पानापर्यंत तिने केस शोधला. बत्तिसाव्याला म्हणाली, "आता नाही लागत गं हाताला, म्हातारी झाले." तेव्हा ती छत्तीसची होती. मी मुकाट्याने डिरेक्टरी जागेवर ठेवली.

आयोवात तिने अकरा वर्षं रीतसर लायसन्स घेऊन काम केलं. मग नवरा, योसेफ, न्यूमोनियाने गेला. इकडे तिचे बाबा एकटे आणि डोळ्यांनी अधू, म्हणून ती नेब्रास्कात माहेरी परतली. मिसुरी नदी ओलांडली आणि तिचं ते लायसन्स भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या लायकीचं झालं. आमच्याकडचा नियम वेगळा. डॉक्टर असो की मणकेवाला, आधी राज्याच्या राजधानीला, लिंकनला, जाऊन सहा पेपर द्यायचे. शरीराची रचना, शरीराचं काम, रसायन, जंतू, रोग आणि आरोग्य. ते सुटले तर मग मणकेवाल्यांच्या मंडळापुढे तोंडी परीक्षा. पहिल्या खेपेला अल्बीना पाच पेपरांत सुटली आणि रसायनात चार मार्कांनी बुडाली. मार्कांचा कागद घेऊन ती माझ्या एक्स्चेंजमध्ये आली आणि तासभर स्टुलावर बसून राहिली. पुढची परीक्षा एप्रिलात होती.

तोवर कुणाला हात लावायचा नाही. लावताना सापडली आणि कोर्टात दोषी ठरली, तर परीक्षेचा अर्ज कायमचा बाद. म्हणजे जन्मभर त्या हातांनी फक्त भांडी घासायची. आणि हात लावायचा नाही हे सांगायला सोपं आहे हो. दारात माणूस कण्हत उभा राहतो, तो आपल्या शाळेतला असतो, त्याच्या आईने आपल्याला लहानपणी कोलाचे, आमचे खसखस भरलेले गोड पाव, खाऊ घातलेले असतात, त्याला काय सांगणार? अल्बीना कुणाकडून एक पैसा घेत नसे. लोक अंडी ठेवून जात, कुणी डुकराची चरबी, कुणी हंस. त्या हंसालाही ती भ्यायची.

लिंकनहून सरकारी माणसं येतात हे सगळ्यांना माहीत होतं. पाठ दुखते म्हणून आत शिरायचं, उपचार करून घ्यायचे आणि बाहेर येऊन वहीत लिहायचं. शेजारच्या जिल्ह्यातला एक म्हातारा मणकेवाला असाच पकडला गेला होता, आणि दंड भरणार नाही म्हणून हट्टाने तुरुंगात जाऊन बसला. तिथे जेलरचीच कंबर बसवली म्हणे. अल्बीनाला ही गोष्ट कुणी कौतुकाने सांगितली की ती उठून दाराची कडी तपासून यायची.

जुन्या मणकेवाल्यांनी तिला एक गोष्ट अगदी पढवून ठेवली होती. रोगाचं नाव तोंडातून काढायचं नाही. "तुमचा अमुक मणका सरकलाय" एवढंच बोलायचं. नाव घेतलं की ती डॉक्टरकी झाली, आणि बिनपरवाना डॉक्टरकी म्हणजे दुप्पट गुन्हा. अल्बीनाने हा नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळला. माझ्या बहिणीला कावीळ झाली तेव्हा डोळे पिवळेधमक दिसत होते, तरी ही म्हणाली, "हिला डॉक्टरकडे ने, मी काही म्हटलं नाही बरं का."

तर आम्ही एक युक्ती केली. स्टेशनवरचा फ्रांता गाडीतून कोण उतरतं ते बघायचा. अनोळखी माणूस उतरला की मला फोन. मी अल्बीनाच्या घरी तीन छोट्या घंट्या द्यायचे, मग फळी बहिणीच्या ताब्यात देऊन रस्ता ओलांडून तिच्या स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून जाऊन बसायचे. तोवर अल्बीना तिचं ते लाकडी टेबल, ज्यावर माणसांना पालथं झोपवायची, त्यावर चादर टाकून शेवयांचं पीठ लाटत असायची. नेहमी बियाणं विकणारा नाहीतर विमा विकणारा निघायचा. आम्हा दोघींना त्या वर्षी शेवयांचा वीट आला.

त्या फेब्रुवारीत अल्बीनाच्या घरी पिसं सोलायला आम्ही सात-आठ बायका बसत होतो. गादीसाठी हंसाची पिसं सोलायची, म्हणजे मधल्या काडीवरून मऊ पीस ओढून काढायचं, दारं-खिडक्या घट्ट बंद, कारण वाऱ्याची झुळूक आली की दिवसभराची मेहनत छताला चिकटते. हात चालू असताना आम्ही तिला पुस्तकातून प्रश्न विचारत होतो. म्हाताऱ्या व्होंद्राकोव्हा आजींना वाचता येत नव्हतं, पण सगळं ऐकून ऐकून पाठ झालेलं. त्या मध्येच विचारत, "सांग गं, आम्लात अल्कली ओतलं तर काय होतं?" आणि अल्बीना चाचरली की म्हणत, "मीठ होतं मीठ, बये. मला येतंय, तुला येत नाही. मीच जाऊ का लिंकनला?" सगळ्या हसायच्या, पण तोंडावर हात धरून, पिसं उडू नयेत म्हणून. अल्बीनाही हसायची. त्या दिवसांत मला खरंच वाटलं होतं की ही सुटणार.

मग एका मंगळवारी, बाहेर सगळं बर्फाने कडक झालेलं असताना, फ्रांताचा फोन आला. "एकजण उतरलाय. पन्नाशीचा, हातात छोटी पेटी. अल्बीनाचं घर विचारलं, ब्लाझेना. नावानिशी विचारलं."

 मी तीन घंट्या दिल्या आणि डोक्याला रुमालही न बांधता धावले.

मी पोचले तेव्हा अल्बीनाने टेबलावर चादर टाकली होती, पण पीठ घ्यायचं विसरली होती. नुसतं कोरडं लाटणं फिरवत होती. मी तिच्या पुढ्यात पिठाचं भांडं ढकललं. तेवढ्यात दार वाजलं.

माणूस उंच होता, चेहऱ्याचा रंग राखेसारखा. शिवणाच्या मशीनच्या सुया विकतो म्हणाला. मग कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बाई, माझी पाठ फार दुखते हो. महिना झाला. गावात म्हणतात तुम्ही बसवून देता."

"मी शेवया करते," अल्बीना म्हणाली. आवाज उंदरासारखा.

"नुसता हात लावून बघा. उपकार होतील."

"साहेब, इथे तसलं काही चालत नाही," मी म्हटलं. "डॉक्टर पुढच्या गल्लीत आहेत."

तो वळला, आणि वळता वळता त्याने टेबलाची कड धरली. कपाळावर घाम फुटला होता. बाहेर शून्याखाली थंडी आणि ह्याच्या कपाळावर घाम. मला वाटलं, नट आहे बेटा, चांगलं शिकवून पाठवलाय. पण अल्बीनाने लाटणं ठेवलं. तिचा चेहरा भीतीने वाकडा झाला होता आणि हात पुढे गेले होते. मी "अल्बीना" म्हणेपर्यंत तिने त्याला टेबलावर उताणं झोपवलं होतं, पिठाच्या चादरीवर. पालथं नाही, उताणं. ती त्याच्या पाठीला हात घालून थोडा वेळ थांबली, मग तिने तळवा त्याच्या पोटावर ठेवला, बेंबीच्या जरा वर. आणि तिथेच थांबली.

मी तिला लहानपणापासून ओळखते. तिच्या चेहऱ्यावरची सगळी भीती त्या क्षणी निघून गेली आणि त्या जागी दुसरंच काही आलं, ते मला कळेना. तिने हात इतक्या हलकेच उचलला की जणू खाली अंडं होतं.

"उठू नका झटक्याने," ती म्हणाली. "कुशीवर वळा. हां, आता बसा. साहेब, तुम्ही आजच डॉक्टरांना दाखवा."

"का? काय झालंय मला?" त्याने विचारलं.

अगदी हाच प्रश्न. त्या म्हाताऱ्या मणकेवाल्यालाही लिंकनच्या माणसांनी हाच प्रश्न विचारला होता. नाव वदवून घ्यायचं आणि वहीत टिपायचं. अल्बीनाने तोंड उघडलं. शब्द तिच्या जिभेवर आलेला मला दिसला, आणि टेबलाखालून मी तिचा पाय दाबला. जोरात दाबला.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"ते मी सांगू शकत नाही," ती म्हणाली. "डॉक्टर सांगतील. पण आजच जा. जड काही उचलू नका."

"एवढं घाबरवताय, मग सांगा की काय आहे ते."

"डॉक्टर सांगतील," अल्बीना पुन्हा म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

 तो जराशा तुच्छतेने हसला, कोटाला लागलेलं पीठ झटकलं आणि टेबलावर अर्धा डॉलर ठेवून गेला. खिडकीतून मला दिसलं, फाटकापाशी थांबून तो वहीत लिहीत होता. डॉक्टरांच्या गल्लीकडे वळला नाही, सरळ स्टेशनकडे गेला.

"बघितलंस?" मी म्हटलं. "म्हटलं नव्हतं मी?"

"ब्लाझेना, त्याच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली आहे," अल्बीना म्हणाली. "माझ्या मुठीएवढी. हाताखाली धडधडत होती. पाठ त्यानेच दुखतेय. ती फुटली की माणूस दहा मिनिटंही राहत नाही."

ती एप्रन न सोडता तशीच बाहेर धावली. मी तिला फाटकापाशी पकडलं, दंडाला धरून आत आणलं. काय नाही नाही ते बोलले मी तिला. तुझ्या म्हाताऱ्या बाबांचा विचार कर, दोन महिन्यांवर परीक्षा आली, हेच त्यांना हवंय, सगळं त्याचं सोंग असेल. ती म्हणाली, "रक्तवाहिनीला सोंग करता येत नाही गं." मग गाडीची शिट्टी ऐकू आली आणि गाडी गेली.

मी फळीवर परत येऊन बसले. चारच्या सुमारास अल्बीना आली. श्वास लागलेला, पायात घरातल्याच चपला. "मला लिंकनच्या स्टेशनमास्तरांना जोडून दे," म्हणाली. "गाडी पोचायला अजून तास आहे. त्याला उतरवून घ्या म्हणते, बाकड्यावर आडवा करा, डॉक्टर बोलवा. मी नाव घेऊन सांगते. होऊ दे काय व्हायचं ते."

समोर फळीवर लिंकनची तार होती. माझ्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावर.

मी तिच्याकडे पाहिलं. शाळेतली रडकी अल्बीना, जिच्यासाठी मी कायम उत्तरं दिली. मला तिच्या दवाखान्याची पाटी दिसत होती, दारावर टांगलेली, आणि मला तुरुंगही दिसत होता. 

"लाइन बंद आहे," मी म्हटलं. "बर्फाने तारा तुटल्यात."

त्या आठवड्यात दोनदा खरंच तुटल्या होत्या. तिने विश्वास ठेवला. स्टुलावर बसून तिने विचारलं, "कधी लागेल?" मी म्हटलं, "उद्याच आता."

दहा दिवसांनी कोर्टाचा कागद आला. बिनपरवाना उपचार, तक्रारदार वॉल्टर प्रुएट, सुनावणी वीस मार्चला. त्याचं नाव आम्हाला तेव्हा कळलं. तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्या ओमाहाच्या वकीलसाहेबांनी तिला बजावलं, "साक्षीदाराशी एक अक्षर बोलायचं नाही. पत्र नाही, निरोप नाही. धमकावलं म्हणतील." अल्बीनाने दोनदा पत्र लिहिलं आणि दोन्ही वेळा चुलीत घातलं. मी ते दोन्ही वेळा पाहिलं. जेवण सुटलं तिचं. दुखरी पाठ घेऊन कुणी दारात आलं तर ती खिडकीचे पडदे ओढायची. व्होंद्राकोव्हा आजी एकट्याच येऊन बसत आणि रसायनाचे प्रश्न विचारत. ती यंत्रासारखी बरोबर उत्तरं देई. मी मनाशी म्हणायचे, येऊ दे तो कोर्टात धडधाकट, उभा राहू दे पिंजऱ्यात आणि बोलू दे हिच्याविरुद्ध. देवाशप्पथ, मी त्याच्या तब्येतीसाठी प्रार्थना करत होते.

वीस तारखेला निम्मं लीपा कोर्टात होतं. बायकांनी कोलाच्यांच्या टोपल्या आणल्या होत्या, जणू जत्राच. अल्बीनाने काळा झगा घातला होता आणि हात मांडीवर ठेवून बसली होती. न्यायाधीश आले. सरकारी वकील उभे राहिले आणि म्हणाले, "तक्रारदार हयात नाहीत. गेल्या गुरुवारी ओमाहाच्या स्टेशनवर ट्रंक उचलताना पोटातली रक्तवाहिनी फुटून गेले. दुसरा पुरावा नाही. खटला मागे घेतो."

आपल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय माहीत होतं? हायनेकने तर टोपी उडवली. न्यायाधीशांनी हातोडा आपटला तरी लोक थांबेनात. मी अल्बीनाकडे पाहायला घाबरत होते, म्हणून तिच्या हातांकडे पाहिलं. उजवा तळवा तिने उताणा केला होता आणि त्याच्याकडे बघत होती.

एप्रिलात ती लिंकनला गेली आणि रसायनात सुटली. मग मे महिन्यात मंडळापुढे तोंडी परीक्षा. तीन म्हातारे टेबलामागे बसले होते. मधल्याने विचारलं, "पन्नाशीचा पुरुष, महिनाभर कंबर दुखतेय, पोटावर हात ठेवला तर ठोके देणारी गाठ लागते. काय कराल?"

"मणक्याला हात लावणार नाही," अल्बीनाने सांगितलं. "पोटातली महाधमनी फुगली आहे. हे मी त्याला सांगेन. नाव घेऊन, स्पष्ट सांगेन. तो हसला तरी सांगेन. दारापर्यंत मागे जाऊन सांगेन."

परीक्षक म्हणाले, "एवढं सविस्तर नको होतं," आणि पूर्ण मार्क दिले.

लायसन्स आलं. ते तिने दवाखान्यात लावलंच नाही, आतल्या खोलीत कपाटावर उभं ठेवलं. दारावर पाटी मात्र लागली, आणि पुढची सव्वीस वर्षं तिने गावाला सांभाळलं. ढगांना आणि हंसांना ती शेवटपर्यंत भ्यायची. पण रोगाचं नाव घ्यायला पुन्हा कधी भ्याली नाही. जे हाताला लागेल ते तोंडावर सांगायची. "हायनेक, हा कॅन्सर वाटतोय, उद्या ओमाहाला जा." "आजी, तुमचं हृदय दमलंय, जिने चढू नका." लोक रागवायचे, अपशकुनी म्हणायचे. डॉक्टरांनी दोनदा तक्रारही केली. ती म्हणायची, "करू द्या."

त्याच डॉक्टरांना मी एकदा विचारलं होतं, प्रुएट वाचला असता का म्हणून. ते म्हणाले, "त्या काळात आमच्याही हातात फार काही नव्हतं. पण कळलं असतं तर ट्रंक उचलली नसती. चार महिने, वर्षभर, कुणी सांगावं? घरी मेला असता, बायकोजवळ." त्याला बायको होती हे मला तेव्हा कळलं.

लायसन्स आलं त्याच आठवड्याची गोष्ट सांगते आणि थांबते. फळीवर वाकून वाकून माझी मान धरायची, म्हणून मी तिची पहिली रीतसर पेशंट झाले. त्याच टेबलावर पालथी झोपले, तोंड खाली. तिची बोटं माझ्या मानेवर एकेक मणका मोजत उतरत होती.

"ब्लाझेना," तिने विचारलं, "त्या दिवशी लाइन खरंच बंद होती का गं?"

"होती," मी म्हटलं.

बोटं थांबली. एकतीस पानांखालचा केस शोधणारी बोटं ती. माझी मान त्यांच्याखाली लाकडासारखी झाली, मला स्वतःला कळत होतं, आणि मी काही करू शकत नव्हते.  मी वाट बघत होते, ती आता नाव घेईल म्हणून.

मग तिने मान हलकेच उजवीकडे वळवली, मणका बसवला आणि म्हणाली, "ऊठ, झालं."

त्यानंतर सव्वीस वर्षं मी दर महिन्याला त्या टेबलावर झोपले. गावातल्या प्रत्येकाला तिने काय झालंय ते नाव घेऊन सांगितलं. मला तिने कधीच काही सांगितलं नाही.